ओसरीवरील ‘श्यामची आई’

मराठीत मुलांसाठी गोष्टींचे पुस्तक छापण्याचा उद्योग मुंबई-पुण्याकडे सुरू होण्यापूर्वी तंजावरास होऊन गेला होता. श्वार्ट्‌झ ह्या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेले सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. सत्तेचे ओझे असे उतरल्यावर ह्या राजाने १८३२ पर्यंतचे आपले आयुष्य ग्रंथ, वैद्यक, संगीत आणि विद्यादान ह्यांत घालविले. देवनागरी खिळ्यांचा छापखाना त्यांनी पदरी बाळगला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तेथून ‘बालबोध मुक्तावली’ ह्या नावाने इसापच्या कथांचे मराठी रूपांतर बाहेर पडले. राजाला मुलांच्या हातात पहिल्याने काय द्यावेसे वाटले, तर गोष्ट. ही नोंद मराठी शिक्षणाच्या इतिहासात सहसा एका ओळीत आटोपली जाते.

इसापच्या कथेची घडण सर्वांच्या परिचयाची आहे. प्राणी बोलतात, फसतात, आणि शेवटी तात्पर्य येते. ही घडण शाळांना फार मानवली. पुढील दोनशे वर्षे गोष्ट कोणतीही असो, तिच्याखाली एकच प्रश्न छापला गेला: ह्या गोष्टीपासून काय बोध घ्याल? मुले ह्या प्रश्नात इतकी तरबेज झाली की गोष्ट न वाचताही त्यांना उत्तर देता येऊ लागले. खोटे बोलू नये, आईवडिलांचे ऐकावे, गर्वाचे घर खाली. परीक्षकही ही उत्तरे बरोबर धरतात आणि ती चूक आहेत असे म्हणताही येत नाही. परंतु गोष्टीचा बोध सांगणे निराळे आणि ती गोष्ट कशी उभी राहिली हे पाहणे निराळे. पहिल्यासाठी गोष्ट ऐकल्यासारखे केले तरी भागते. दुसऱ्यासाठी ती खरोखरच ऐकावी लागते.

गोष्ट ऐकण्याची दुसरी रीतही तंजावरास अपरिचित नव्हती. समर्थ संप्रदायाचे मठ ह्या प्रदेशात राजांच्या आश्रयाने नांदले आणि त्यांच्याबरोबर कीर्तन आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांसारख्या कीर्तनकारांची कीर्तने येथे ऐकली गेली आणि तंजावर कृष्ण भागवतर ह्यांनी त्यांचा घाट घेऊन तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही नावे आजही तमिळ हरिकथेच्या परिभाषेत आढळतात, ती ह्याच मार्गाने गेलेली. कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतात. पूर्वरंगात सिद्धांत मांडून झाला की उत्तररंगात आख्यान लावायचे. म्हणजे बोध आधीच सांगून झालेला असतो. तो शेवटी ओढून काढावा लागत नाही. त्यामुळे आख्यान मोकळे होते. बुवा ऐन प्रसंगी थांबतात, श्रोत्यांकडे पाहतात, आता द्रौपदीने काय केले असेल असे विचारतात, दुसराच दृष्टांत सांगून येतात आणि सोडलेला धागा अचूक उचलतात. श्रोत्याला ते थांबणे जाचत नाही. उलट त्या थांबण्यातच त्याला कथेचे सांधे दिसतात. साहित्यसमीक्षेच्या वर्गात ज्याला कथानकाची रचना म्हणतात, ती कीर्तनाला बसणाऱ्या निरक्षर बायकांना नाव न घेता कळत होती.

ह्या दोन्ही रीती ध्यानी घेतल्या, म्हणजे तंजावरच्या एका ओसरीवर काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत जे घडले त्याचा अर्थ लागतो. ओसरीला तेथे तिण्णै म्हणतात. इंग्रजी शाळा येण्यापूर्वी तमिळ देशातील गावोगावच्या शाळा ह्या तिण्णैवरच भरत. राजवाड्याच्या पश्चिमेकडील राजवीथीलगतच्या एका जुन्या घराच्या ओसरीवर रविवारी सकाळी दहाअकरा मुले जमू लागली. सारी मराठी घरांतली, नऊ ते चौदा वयाची. त्यांना जमविणाऱ्या बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका होत्या. मुले त्यांना अक्का म्हणत. हा शब्द मराठीही आहे आणि तमिळही, त्यामुळे कोणत्या भाषेतून हाक मारली हा प्रश्नच उद्भवत नसे.

ह्या मुलांची भाषेची स्थिती एखाद्या पुणेकराला चमत्कारिक वाटेल. मराठी ही त्यांची केवळ ऐकण्याबोलण्याची भाषा. ती आईने, आजीने, घरातल्या कामाकाजात शिकविलेली. शाळा तमिळ किंवा इंग्रजी, मित्र तमिळ, सिनेमा तमिळ. देवनागरी अक्षरांशी त्यांचा संबंध नाही. ज्या मुलांनी शाळेबाहेर हिंदीच्या परीक्षा दिल्या तेवढ्यांना ती अडखळत वाचता येतात. घरातील मंगलाष्टके आणि आरत्या वहीत उतरवून ठेवलेल्या असतात त्या तमिळ लिपीत. बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रचंड मराठी शिलालेख आहे. सरफोजीराजांनी तो १८०३ साली कोरविला. ही मुले त्या भिंतीला पाठ टेकून बसतात, पण ती वाचू शकत नाहीत. सरस्वती महालात मराठी हस्तलिखितांचे आणि मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. त्यांच्याशीही त्यांचे नाते तेवढेच.

अशा मुलांना मराठी कथा शिकवायची तर पुस्तकाने आरंभ करता येत नाही. आधी अक्षरे, मग शब्द, मग धडा, ह्या क्रमाने गेले तर कथेपर्यंत पोचण्याआधीच सुट्टी संपते. अक्कांनी क्रम उलटा केला. कान तयार होता, तेव्हा कानाला जे देता येईल ते आधी द्यावे असे त्यांनी ठरविले, आणि निवड केली ती आचार्य अत्रे ह्यांच्या ‘श्यामची आई’ ह्या १९५३ सालच्या चित्रपटाची.

घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून पाहावा अशा चित्रपटाला तमिळमध्ये ‘कुटुंबप्पडम्’ असा शब्द आहे. ह्या जातीच्या चित्रपटांची तमिळ भूमीत वाण नाही. ‘पासमलर’ हा भीमसिंगांचा १९६१ सालचा बहीणभावाचा चित्रपट ह्या मुलांच्या आज्यांनी पदर ओला करून पाहिलेला. त्यातील भाऊ म्हणजे शिवाजी गणेशन. तंजावरात शिवाजी हे नाव उच्चारले की पहिल्याने हेच नट आठवतात, छत्रपती मागाहून. गंमत अशी की गणेशन ह्यांना ते नाव लाभले ते अण्णादुरै ह्यांच्या नाटकात छत्रपतींची भूमिका केल्यामुळे. तेव्हा पडद्यावरील कुटुंबासाठी रडणे हे ह्या मुलांच्या घरी रुजलेले होते. अक्कांना ते पुरेसे वाटत नव्हते.

‘श्यामची आई’ हा चित्रपट वर्गासाठी निवडण्यात एक औचित्य आहे आणि ते सहसा बोलले जात नाही. तो दोन शिक्षकांच्या हातून आला आहे. मूळ पुस्तक साने गुरुजींचे. अमळनेरच्या शाळेत आणि छात्रालयात मुले सांभाळलेल्या ह्या माणसाने त्याचा बराचसा भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढला; पुस्तक १९३५ साली निघाले. चित्रपट काढणारे अत्रे नाटककार, विडंबनकार आणि पत्रकार म्हणून गाजले, परंतु मुळात तेही शाळामास्तरच. पुण्यात मुख्याध्यापकी केलेले, इंग्लंडात अध्यापनशास्त्र शिकून आलेले, आणि ‘नवयुग वाचनमाले’ने मराठी क्रमिक पुस्तकांचे रूप पालटून टाकलेले. ‘झेंडूची फुले’ लिहिणाऱ्याने रडविणारा चित्रपट काढावा ह्याचे लोकांना नवल वाटले असेल. पण मूल कोठे हसते आणि कोठे गप्प होते हे शिक्षकाला ठाऊक असते. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, सर्वोत्कृष्ट कथाचित्रपटाचे राष्ट्रपती सुवर्णपदक ह्या चित्रपटाला मिळाले. २०२३ साली सुजय डहाके ह्यांनी त्याच पुस्तकावर पुन्हा चित्रपट केला, आणि तोही कृष्णधवलच ठेवला.

तंजावरकरांच्या दृष्टीने आणखी एक धागा आहे. १९३० च्या सत्याग्रहानंतर साने गुरुजींना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवले होते. तंजावरहून ते ठिकाण जेमतेम पन्नासपंचावन्न किलोमीटर. तेथे ते तमिळ शिकले आणि तिरुक्कुरळचे मराठी भाषांतर त्यांनी केले. तमिळनाडूतील प्रत्येक सरकारी बसमध्ये कुरळाचे एक वचन लावलेले असते आणि शाळेत ती अर्थासह पाठ करावी लागतात. श्यामच्या गोष्टी लिहिणारा माणूस आपण पाठ करतो तीच वचने शेजारच्या गावातल्या तुरुंगात बसून मराठीत आणीत होता, हे अक्कांनी सांगितले तेव्हा मुलांची चित्रपटाविषयीची परकेपणाची भावना निम्मी ओसरली.

पहिल्या रविवारी अडीच तासांचा चित्रपट अखंड दाखविला गेला. मुलांना तो किती कळला? वनमालाबाईंचे बोलणे बहुतेक कळले, कारण आई बोलते ती वाक्ये घरातलीच असतात. कोकणातली घरे, विहीर, पाऊस हे मात्र त्यांना नवखे होते. मोळी म्हणजे काय हे सांगावे लागले. नऊवारी लुगडे सांगावे लागले नाही. त्यांच्या घरांतल्या आज्या ते नेसत आणि शेजारच्या तमिळ ब्राह्मण आज्यांचा मडिसारही नऊवारीच. चित्रपट संपल्यावर मुले गप्प होती, दोघीतिघी रडत होत्या. अक्कांनी काय पाहिलेत असे विचारताच उत्तरे आली ती अपेक्षेप्रमाणे: आईवर प्रेम करावे, गरिबीला भिऊ नये, मन स्वच्छ ठेवावे. एकाने तर समर्पक कुरळ म्हणून दाखविला. अक्कांनी ती सारी उत्तरे फळ्यावर तमिळमध्ये लिहिली, बरोबर आहेत म्हणाल्या, आणि पुसून टाकली. बोध कळला, आता तो बाजूला ठेवू. हा पूर्वरंग झाला.

दुसऱ्या रविवारपासून चित्रपट तुकड्यातुकड्याने आणि थांबवून थांबवून पाहण्यात आला. येथे अक्कांचे गणित उपयोगी पडले. भूमितीतील सिद्धांत शिकविताना त्या एक पायरी पुसून टाकीत आणि आता सिद्धता उभी राहते का असे विचारीत. तोच प्रयोग त्यांनी कथेवर केला.

पोहण्याचा प्रसंग घ्यावा. श्याम पाण्याला भितो. इतर मुले पोहायला निघाली की तो घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि पोहायला पिटाळते. मागाहून ती त्याला जवळ घेते, तेव्हा कळते की माझ्या मुलाला कोणी भित्रा म्हणावे हे तिला सोसत नाही. अक्कांनी विचारले: हे शेवटचे आधी आले असते तर? म्हणजे मारण्यापूर्वीच आईने समजावून सांगितले असते तर? मुलांनी तशी गोष्ट सांगून पाहिली. सांगणाऱ्या मुलालाच ती सपक लागली. का सपक लागली ह्यावर अर्धा तास गेला. शेवटी निघाले ते असे: मार बसतो तेव्हा आपण श्यामइतकेच अज्ञानी असतो. आई दुष्ट आहे काय, असा संशय आपल्यालाही क्षणभर येतो. तो संशय आला नसता तर पुढचे जवळ घेणे हे नुसते जवळ घेणे झाले असते. बारा वर्षांच्या एका मुलाने हे तमिळमध्ये सांगितले ते असे, की गोष्टीने आपल्याला आधी चुकीचे समजू दिले. कथनातील माहितीचे नियंत्रण ह्या विषयावर विद्यापीठांतून जे लिहिले जाते त्याचे सार ह्या वाक्यात आहे.

त्याच बैठकीत एका मुलीने हट्ट धरला की मारणे चूकच होते, गोष्ट कितीही चांगली सांगितली तरी. तिला कोणी गप्प केले नाही. कथा परिणामकारक आहे हे मान्य करून कथेतील वागणूक अमान्य करता येते. ही गोष्ट पुष्कळ प्रौढ वाचकांनाही साधत नाही. ‘श्यामची आई’विषयी महाराष्ट्रात जे वाद झाले त्यांतील बरेचसे ही रेषा न ओळखल्यामुळेच झाले. कोणी त्या पुस्तकाला पोथी केले, कोणी रडके म्हणून बाजूला सारले; ते कसे रचले आहे हे पाहण्याचे कष्ट दोन्ही पक्षांनी क्वचितच घेतले.

दुसरा प्रसंग पाऊल मळण्याचा. आंघोळ झालेल्या लहानग्या श्यामला ओल्या पायांना माती लागलेली खपत नाही. तो आईला लुगडे पसरायला लावतो आणि त्यावरून पाऊल टाकतो. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसाच मनाला लागू नये म्हणून जप, असे आई सांगते. हा प्रसंग मराठी माणसाला इतका पाठ आहे की तो दिसेनासा झाला आहे. तंजावरच्या मुलांना तो नवा होता, म्हणून त्यांनी नीट पाहिला. दहा वर्षांच्या एका मुलीला त्यात वस्त्र दिसले. तिने अक्कांना विचारले, ह्या चित्रपटात कापड दोनदा का येते? दुसरे कापड म्हणजे द्रौपदीचे पीतांबर, वसंत देसाईंनी चाल दिलेल्या आणि आशाबाईंनी गायिलेल्या गाण्यातले. कृष्णाचे बोट कापले, सुभद्रेला भारी वस्त्र फाडवेना, द्रौपदीने नेसते पीतांबर फाडून चिंधी दिली, ही कथा. तमिळ देशात द्रौपदी अम्मनची देवळे आहेत, तिची आख्याने कूत्तात रात्र रात्र चालतात; त्यामुळे द्रौपदी ह्या मुलांची चांगलीच ओळखीची. एका स्त्रीने मुलाच्या हट्टासाठी लुगडे ओल्या दगडावर पसरले, दुसरीने भावाच्या बोटासाठी फाडले. गोष्टीच्या पोटात दुसरी गोष्ट का ठेवतात, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या मुलीने प्रश्न विचारतानाच देऊन टाकले होते. अत्र्यांनी ते जाणून केले की आपोआप जुळले ह्याचा निर्णय करण्याचे कारण नाही. रचनेत ते आहे एवढे पुरे.

मग पुस्तक आले. अक्का पुस्तकातील निवडक भाग वाचून दाखवीत आणि मुले चित्रपटाशी ताडून पाहत. पहिलाच भेद ठळक होता. पुस्तकात मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो. प्रकरणांना रात्री म्हटले आहे आणि अशा चाळिसांहून अधिक रात्री आहेत. तेथे सर्वत्र ‘मी’ आहे. कॅमेऱ्याला ‘मी’ म्हणता येत नाही. त्याला श्यामही बाहेरूनच दाखवावा लागतो, आईही बाहेरूनच. त्यामुळे पुस्तकात जी आई मुलाच्या आठवणीतून गाळून येते ती पडद्यावर एकटीही दिसू शकते. श्याम जवळ नसताना तिचा चेहरा कसा होतो हे आपण पाहू शकतो. मुलांना हे पटविण्यासाठी अक्कांनी खेळ लावला. प्रत्येकाने घरातला एक प्रसंग आधी ‘मी’ म्हणून सांगायचा, मग तोच खिडकीतून पाहणाऱ्या शेजाऱ्याच्या नजरेने. एका मुलाच्या पहिल्या सांगण्यात आई उगाच रागावली होती. शेजाऱ्याच्या सांगण्यात ती स्वयंपाक, दूध तापविणे आणि धाकट्याचे रडणे ह्यांत एकाच वेळी सापडली होती. हे सांगून झाल्यावर तो मुलगा थोडा वरमला.

वाचनातील सर्वांत अवघड जागा आली ती मोळीची. म्हातारी महारीण मोळी डोक्यावर घेऊ पाहते, ती पडते, कोणी हात लावीत नाही. पुस्तकातील आई श्यामला सांगते की जा, तिच्या डोक्यावर मोळी दे. आणि मग घरी येऊन आंघोळ कर. बोध काढण्याची सवय असलेला वर्ग येथे दया एवढेच लिहून पुढे गेला असता. हा वर्ग आंघोळीपाशी अडला. आई चांगली आहे तर आंघोळ कशासाठी? ह्या मुलांत देशस्थ ब्राह्मणांची होती तशी मराठ्यांचीही होती, आणि सोवळेओवळे हा शब्द काहींच्या घरी अजून वापरात होता. अक्कांनी स्वतः उत्तर दिले नाही. आंघोळ काढून टाका आणि गोष्ट पुन्हा सांगा, एवढेच म्हणाल्या. काढल्यावर आई निष्कलंक झाली आणि काळ नाहीसा झाला. ठेवल्यावर ती आपल्या काळातली, रूढी न मोडताही तिच्या काठापर्यंत गेलेली बाई राहिली. लेखकाने ती आंघोळ लपविली नाही, हे मुलांच्या लक्षात आणून देण्यात आले. आणि मग इतिहास: त्याच लेखकाने पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण केले आणि मंदिर उघडले. ह्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातील बृहदीश्वराचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या लोकांना १९३९ साली खुले झाले. त्याची वंशपरंपरागत व्यवस्था भोसले घराण्याकडेच होती. म्हणजे मोळीची गोष्ट कोकणात राहिली नाही, ती दोन गल्ल्या ओलांडून देवळाच्या गोपुरापर्यंत आली. एका मुलाने विचारले, त्याआधी ही माणसे तो शिलालेख कसा पाहत असतील? पाहत नसतील, असे दुसऱ्याने उत्तर दिले.

अशा रीतीने चित्रपट उसवीत जाण्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो हलका नाही. ज्याने डोळे पाणावतात ते चिरफाड करून मुलांच्या हातात द्यावे काय? पुन्हा पाहताना ते रडतील काय? ह्या आक्षेपाची कसोटी आईच्या मृत्यूच्या प्रसंगाशी लागली. अक्कांनी तो प्रसंग शेवटच्या रविवारी ठेवला होता. पडदा लावण्यापूर्वीच सर्वांत मोठा, चौदा वर्षांचा मुलगा उठून आत गेला. हा प्रसंग आपल्याला थांबवून पाहायचा नाही, एवढेच त्याने सांगितले. त्याच्या घरी वर्षभरापूर्वी काय झाले होते हे ओसरीवरील सर्वांना ठाऊक होते. अक्कांनी त्या दिवशी तो प्रसंग लावलाच नाही. विश्लेषण सर्वत्र चालवावे असा नियम नाही. कोठे थांबावे हे समजणे हाही वाचनाचाच भाग आहे, आणि ते त्या मुलाला अक्कांच्या आधी समजले.

त्याऐवजी त्या सकाळी लेखन झाले. कोणताही एक प्रसंग आईच्या बाजूने लिहून आणा, असे आधीच सांगितले होते. पुस्तकात आई बोलते पुष्कळ, पण सांगत नाही. सांगणारा सदैव श्याम. तेव्हा तिच्या तोंडी ‘मी’ देऊन काय होते ते पाहायचे. लिपी कोणतीही चालेल, भाषा मात्र घरची हवी. बहुतेकांनी तमिळ लिपीत मराठी लिहिले. शुद्धलेखनाची जी धांदल उडाली ती पाहण्यासारखी होती. तमिळ लिपीत क, ख, ग, घ ह्या चारांना एकच अक्षर. त्यामुळे ‘घरी’ हा शब्द लिहिला की तो ‘करी’ असा वाचला जातो, आणि करी म्हणजे तमिळमध्ये कोळसा. वस्त्राचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीने पोहण्याचा प्रसंग आईच्या बाजूने लिहिला होता. तिची वही शेजारच्या मुलाने घेतली आणि तमिळ वाचावे तसे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. श्याम कोळसा झाला, आई कोळशाची वाट पाहू लागली, आणि ओसरीवर हशा पिकला. मुलगी रडकुंडीला आली.

त्या घरच्या आजी इतके रविवार आतल्या उंबऱ्याशी बसून ऐकत असत. त्यांना देवनागरी येत नव्हती, शाळा पाचवीत सुटलेली. त्यांनी वही मागून घेतली, चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या. कोठे क म्हणायचे, कोठे ग आणि कोठे घ, ह्यासाठी त्यांना एकदाही थांबावे लागले नाही. मुलाला मारून विहिरीकडे लावल्यावर घरात एकटी उरलेली आई चूल फुंकते, ती पेटत नाही, आणि तिला विहिरीकडचा आवाज ऐकू येतो की नाही हे कळत नाही, असे त्या मुलीने लिहिले होते. ते ना पुस्तकात होते ना चित्रपटात. आत गेलेला मुलगा दाराशी येऊन उभा राहिला होता. आजींचे वाचून झाल्यावर त्याने विचारले, मग चूल पेटली का? मुलीने सांगितले की ते अजून लिहायचे आहे.